खालच्या थरातली राख

छाया लग्न करून मळेवाडीला आली ते साल शहाण्णव. नाशिकरोड सोडून पुढे गेलं की वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. त्यांच्या पाठीमागे राखेचं तळं, आणि तळ्याच्या उतारावर मळेवाडी. सासरे खंडेराव भाजीपाला आणि फुलं पिकवायचे. थंडीत फ्लॉवर, दसऱ्याच्या बेताने झेंडू. नवरा समाधान सातपूरला गॅसच्या कारखान्यात होता. वेल्डिंगवाल्यांच्या टाक्या तिथं भरल्या जायच्या. छाया नाशिक शहरातली, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. लग्नाआधी वर्षभर एका साइटवर सुपरवायझर होती. मळ्यात आल्यावर ते मागं पडलं, आणि तिनंही फारसं मनाला लावून घेतलं नाही.

वीजकेंद्रात कोळसा जळायचा, त्याची राख पाण्यात कालवून पाइपाने तळ्यात सोडायचे. पाणी निथळून जायचं, राख खाली बसायची. वर्षानुवर्षं बसत आलेली. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर करडा पट्टा उमटायचा. घरातल्या बाया कपडे झटकून आत घ्यायच्या, बोलायचं कुणी नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तळ्याचा बांध एका अंगाने फुटला. राखेचा रेंदा खंडेरावांच्या खालच्या वावरात शिरला आणि ऐन कळ्यांवर आलेल्या झेंडूवर पसरला. ऊन पडल्यावर वावर असं दिसायला लागलं की जणू कुणी त्याला गिलावा केलाय. पंचनामा झाला. बांधाच्या कंत्राटदाराने भगदाड बुजवलं आणि तो निघून गेला. खंडेराव रोज सकाळी काठी घेऊन त्या करड्या जमिनीवर उभे राहायचे.

"चुना मारून बघू," ते एक दिवस म्हणाले. "चुन्यानं जमीन येती ठिकाणावर."

चुन्याला तोटा नव्हता. समाधानच्या कारखान्यात गॅस काढून झाला की कार्बाइडचा पांढरा गाळ उरायचा, म्हणजे चुनाच, तो ट्रकने नाल्याकाठी ओतायचे. समाधानने दोन खेपा वावरात आणून टाकल्या. सहादू आणि साळूबाईने तो फावड्याने पसरला. हे दोघं नवरा-बायको पेठच्या डोंगरातले, द्राक्षांच्या कामाला म्हणून खाली उतरलेले आणि खंडेरावांच्या मळ्यातच राहून गेलेले. वर पाऊस पडला. मग नांगरायची वेळ आली तेव्हा फाळ जमिनीत जाईना. सहादूने कुदळ मारली तर ती टणकन उडाली.

"दादा, हे तं दगड झालं," तो म्हणाला.

खंडेराव खाली बसले. त्यांनी बोटाने जमीन खरवडून पाहिली आणि घराकडे गेले. जमिनीला बरं करायला म्हणून जे घातलं त्यानेच ती कायमची गेली होती.

छाया मात्र तिथंच थांबली. सहादूने पहारीने एक खपली काढून दिली. ती वजनदार होती, कडेला धार होती. तिला वर्गातला एक तास आठवला: राखेत आणि चुन्यात पाणी पडलं की दोघं एकमेकांना धरतात. परीक्षेपुरतं पाठ केलेलं वाक्य आता तिच्या तळहातावर होतं. सासऱ्यांच्या दुःखासमोर आपल्याला आनंद व्हावा याची तिला लाज वाटली. पण आनंद झाला, हे खरं.

तिथून सगळं सुरू झालं. मेलेल्या वावरावर पत्र्याची शेड उभी राहिली. वीजकेंद्रातली कोरडी राख, सातपूरचा चुना, खत कारखान्यात टाकून दिलेला जिप्सम. तिन्ही गोष्टी लोकांनी फेकलेल्या. त्या ठरावीक मापात कालवल्या की त्याचं सिमेंट व्हायचं, आणि त्या सिमेंटच्या विटा पाडायच्या. भट्टी नाही, कोळसा नाही, वरची काळी माती खरवडायला नको. रियाज नावाचा एक टेम्पोवाला होता, देवळाली कॅम्पात राहणारा. राख आणायचं आणि विटा पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्याने टेम्पोत राख बघितली आणि म्हणाला, "भाभी, लोक सोनं वाहतात, आमच्या नशिबी चुलीतला कचरा." पण तो दुसऱ्या दिवशी आला, आणि पुढेही येत राहिला.

पहिल्या विटा हातात चुरल्या. त्या पुढच्या खेपेच्या बऱ्या निघाल्या, पण उचलताना कोपरे झडायचे. चूक मालात नव्हती, घाईत होती, हे छायाला हळूहळू कळलं. बाजारातल्या सिमेंटसारखी या राखेला घाई नव्हती. तिला ओल हवी, सावली हवी, आणि आठवडेच्या आठवडे हवेत. मग मात्र ती दिवसागणिक कडक होत जायची, वर्ष उलटलं तरी होतच राहायची. साळूबाई विटांवर गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची.

"लेकराला न्हाऊ घालावं तसं घालते मी," ती छायाला म्हणायची. "रडत नाही, तेवढंच बरं."

तिला मूल नव्हतं. ती हे हसत बोलायची आणि छाया विषय बदलायची.

विटा तयार झाल्या, पण घेणार कोण? यादवराव म्हणून एक मोठे कंत्राटदार होते. ते शेडवर आले, वीट उचलून पाहिली, दुसरीवर आपटून आवाज ऐकला. आवाज त्यांना पसंत पडला, तरी म्हणाले, "राखेचं घर म्हटल्यावर गिऱ्हाईक उभं राहत नाही, ताई." घरी खंडेरावही तेच म्हणायचे. "अख्खा मुलूख रामकुंडावर राख सोडायला येतो. अन् तू म्हणतीस राख घरात घ्या." छायाने सहादूला विचारलं, तुझी झोपडी पाडून पक्क्या दोन खोल्या बांधू का. सहादूने साळूबाईकडे बघितलं. साळूबाई म्हणाली, "आमच्या डोंगरात चूल सारवली की राख भिंतीलाच जाती. आम्हाला कसली भीती?" त्या दोन खोल्या मळेवाडीतलं राखेचं पहिलं घर.

मग देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी कुंपणाची भिंत बांधून घेतली. घोटीच्या एका तांदूळ व्यापाऱ्याने गोदाम बांधलं. तिकडचा पाऊस म्हणजे महिनोन्‌महिने थांबत नाही. पावसाळा संपल्यावर छाया स्वतः घोटीला जाऊन भिंतींना हात लावून आली. आतून कोरड्या ठाक होत्या. व्यापाऱ्याने चहा पाजला आणि म्हणाला, "पुढच्या गोदामालाही तुमचीच वीट." परत येताना एसटीत तिला सारखं हसू येत होतं.

राख वापरणाऱ्यांना ती फुकट द्यावी असा सरकारी नियमही त्याच सुमारास आला. समाधानने नोकरी सोडली. शेडला शेड जोडली गेली. डोंगरातून आणखी चार-पाच कुटुंबं कामाला आली आणि सहादू त्यांचा मुकादम झाला. कॉलेजांतून पोरं बघायला यायची. छाया त्यांना सांगायची की सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी भाजताना किती धूर आभाळात जातो, आणि इथं काहीच भाजावं लागत नाही. एकदा पाटबंधारे खात्याचे साहेब येऊन भाषण ऐकून गेले. खंडेराव पाठीमागे खुर्ची टाकून बसायचे. सुनेचं बोलणं त्यांना कळायचं नाही, पण लोक ऐकतायत हे दिसायचं. ती चांगली वर्षं होती. ती चांगली आहेत हे तेव्हाच कळत होतं, हेही खरं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात रियाज एक दिवस रिकामा टेम्पो घेऊन परत आला.

"गेटवर अडवलं. म्हणे मॅडमला पाठवा."

छाया गेली. राखेच्या विभागात बसणारे साहेब तिला ओळखत होते, शेडवर येऊन गेले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. खिडकीतून नवीन बांधलेली उंच पोलादी कोठारं दिसत होती आणि त्यांच्याखाली गोलमटोल टाक्यांचे लांब ट्रक, ज्यांना बल्कर म्हणतात, ते रांगेत उभे होते.

"मॅडम, कोरडी राख आता सगळी सिमेंट कंपनीला. वरूनच करार झालाय," साहेब म्हणाले. "ते त्यांच्या सिमेंटमध्ये मिसळणार आहेत."

"आम्ही आठ वर्षं नेतोय."

"म्हणून तर. राखेत काही आहे हे तुमच्यासारख्यांनी दाखवून दिलं. मी स्वतः तुमचं नाव सांगितलं होतं वरच्या मीटिंगमध्ये." ते खरंच चांगुलपणाने बोलत होते. "तुम्हाला तळ्यातली राख आहे ना. हवी तेवढी न्या. ती कुणाला नकोय."

छाया बाहेर आली तेव्हा एक बल्कर भरून निघत होता. त्याच्यातून एक कणही बाहेर उडत नव्हता.

तळ्यातली राख ओली आणि भरड. तिचं सिमेंट नीट धरेना. पहिल्या महिन्यातच विटा परत आल्या, तांदूळवाल्याचा फोन आला. समाधान म्हणाला, "थांबवू या का? मला परत कारखान्यात घेतील." पण शेडवरची माणसं होती, सहादू होता. आणि खरं सांगायचं तर छायाला हरायचं नव्हतं. तिने तळ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली राख आणवली, वाळवली, चाळली, प्रत्येकीच्या लहान विटा पाडून दाबून फोडल्या. त्यात तिला एक गोष्ट सापडली. पाइपाच्या तोंडाशी भरड राख बसते, आणि बारीक राख वाहत जाऊन लांबच्या टोकाला बसते. आणि तिथंही वरचा थर नाही, खालचा. जुना, दबलेला, मैद्यासारखा बारीक. त्या राखेच्या विटा कोरड्या राखेच्या तोडीच्या निघाल्या.

तिने सहादूला लांबच्या टोकाला नेऊन उभं केलं. तिथं तळं भरून कधीच वापरातून गेलं होतं, कड्यासारखी राखेची भिंत उभी होती. उंची दोन माणसांच्या वर. भिंतीत थर दिसत होते, कुठं काळपट, कुठं फिकट.

"हा खालचा पट्टा बघ. हाच हवा. वरचा मिसळू देऊ नकोस."

सहादूने वर बघितलं. "वरनं खणत खाली आलो तं?"

"मग वरची भरड खाली पडेल आणि सगळी एक होईल. तळाशीच खण. आतून काढ."

"बरं," सहादू म्हणाला. तो तिच्या कामात कधी तोंड घालायचा नाही.

हिवाळाभर असंच चाललं. सहादू खणायचा, साळूबाई घमेल्याने राख टेम्पोपर्यंत वाहायची. विटा पुन्हा चांगल्या व्हायला लागल्या. घोटीचा माणूस परत आला. छायाने समाधानला सांगितलं, बघ, आपण म्हटलं नव्हतं का. राखेचा कडा तळाशी आत आत पोखरला जात होता. छाया दोनदा तिथं गेली होती. दोन्ही वेळा ती खाली वाकून पट्टा तपासत होती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दहाच्या सुमारास, रियाज शेडमध्ये धावत आला. टेम्पो त्याने तिकडेच टाकला होता. तो केसांपासून पायापर्यंत करडा झाला होता आणि डोळ्यांभोवती तेवढी ओली वर्तुळं होती.

"कडा बसला, भाभी," तो म्हणाला. "सहादू आत आहे. साळूबाई पण."

सगळे धावले. छाया पोचली तेव्हा कड्याच्या जागी एक उतार होता, गुळगुळीत, शांत. वरून अजून राख ओघळत होती. तिचा आवाज होत नव्हता. माणसं फावड्याने उकरत होती आणि जेवढी बाहेर काढावी तेवढी वरून परत यायची. दगडमातीत पोकळी राहते, हवा राहते. राखेत काही राहत नाही. ती पाण्यासारखी भरते. समाधान हातांनी उकरत होता, त्याची नखं फुटली होती. कुणीतरी ओरडलं की फावडं मारू नका, माणसाला लागेल, आणि मग सगळेच हातांनी उकरायला लागले.

साळूबाई आधी सापडली. डोक्यावरचं घमेलं तिच्या छातीशी आलं होतं. सहादू पार आत, खालच्या पट्ट्याला तोंड करून. त्याच्या नाकातोंडात ती राख इतकी बारीक बसली होती की पुसून निघेना. एक बाई ओल्या पदराने पुसत राहिली. छाया बाजूला उभी होती. तिच्या मनात आलं, हीच ती राख.

पोलीस आले. हवालदार वयस्कर होता, सगळ्यांशी हळू बोलत होता. छाया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी सांगितलं होतं त्यांना तळाशी खणायला," ती म्हणाली.

हवालदाराने मान वर केली. "बाई, तुम्ही आता बसा."

"वरून खणू का म्हणून त्याने विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

"अपघात आहे हा." त्याने समाधानकडे बघितलं. "यांना घरी घेऊन जा."

तिने वीजकेंद्राच्या साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, असं म्हणू नका, आमच्याकडूनच तळ्याला कुंपण हवं होतं. पेठहून सहादूचा भाऊ आला, त्याला सांगितलं. तो दारात उकिडवा बसला होता. जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी त्यांला घर दिलं, ताई. तुमच्याविषयी तो वाईट नाय बोलला कधी." ती ज्याच्या त्याच्यापुढे आपला गुन्हा ठेवत होती, आणि प्रत्येक जण हलक्या हाताने तो तिच्याच पदरात परत टाकत होता. एकाने जरी शिवी दिली असती, तरी तिला कुठंतरी उभं राहता आलं असतं.

तळ्याला कुंपण पडलं, आणि तळ्यातली राख कुणालाही द्यायची नाही असा हुकूम निघाला. शेड बंद झाली. साचे भंगारात गेले. डोंगरातली कुटुंबं बोचकी बांधून निघाली. काही द्राक्षांकडे, काही यादवरावांच्या साइटवर. यादवराव आता गंगापूर रोडला उंच इमारती बांधत होते, सिमेंट कंपनीच्या पोत्यांनी. त्या पोत्यात राख मिसळलेली आहे हे त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. त्यांनी छायाला बोलावून नोकरी देऊ केली, क्वालिटी बघायला. ती नको म्हणाली नाही. नको म्हणायलाही काही लागतं अंगात.

पावसाळ्याआधी सहादूचा भाऊ दोन माणसं घेऊन आला. दोन खोल्या पाडून पत्रे, दार आणि विटा गावाकडे न्याव्यात असं त्याच्या मनात होतं. पत्रे निघाले, दार निघालं. भिंतीवर त्यांनी घण घातला. वीट फुटायची, पण सांध्यातून एकही अख्खी सुटेना. ते आळीपाळीने दुपारपर्यंत घण घालत राहिले. शेवटी भाऊ घामाघूम होऊन ओट्यावर बसला.

"लय पक्कं बांधलं होतं," तो म्हणाला.

ते पत्रे आणि दार घेऊन गेले. भिंती अर्ध्यामुर्ध्या तशाच राहिल्या. खंडेरावांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. त्यानंतर ते मळ्याच्या त्या बाजूला फिरकेनासे झाले.

समाधान परत सातपूरला जायला लागला. चुन्याचे ट्रक पुन्हा नाल्यावर रिकामे होत होते. तो त्याबद्दल घरी बोलत नसे. तो कशाबद्दलच फारसं बोलत नसे. छाया सकाळी साइटवर जायची, काँक्रीटचे ठोकळे मशिनमध्ये ठेवून दाबायची, फुटताना किती भार घेतला ते सांगायची, संध्याकाळी परत यायची. कामात ती चुकायची नाही. यादवराव तिच्यावर खूश होते.

एका रविवारी दोघं पडवीत शेंगा निवडत बसले होते. ऊन उतरायला आलं होतं. वाऱ्यावर थोडी राख येत होती, ताटाच्या कडेला बसत होती. समाधानने ताट आत सरकवलं आणि एकदम म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तरी तो तिथंच खणायला गेला असता. तळाशीच. सोपं पडतं ते."

किती दिवस तो हे मनात घोळवत असेल, कुणास ठाऊक. छायाला त्याची कीव आली. तिला वाटलं, हो म्हणावं, एवढं एक त्याला द्यावं.

"नाही," ती म्हणाली. "तो कधीच तसं खणत नव्हता. इतकी वर्षं विहिरीची माती काढली, चर काढले, कायम वरून उतरत यायचा. डोंगरातला होता तो. त्याला माहीत होतं."

छाया शेंगा सोलत राहिली. आत खंडेराव खोकले, कुणीतरी त्यांना पाणी द्यायला हवं होतं, आणि दोघांपैकी कुणीच लगेच उठलं नाही.